सहाणेवरचा समुद्र

प्रिय आई,

मायना काय लिहायचा यातच माझी दहा मिनिटं गेली. जन्मदात्या आईला ‘तीर्थरूप’ आणि सासूला ‘तीर्थस्वरूप’, हे तुम्हीच मला लग्नानंतर शिकवलं होतं. सांगलीच्या पोस्टात सगळी नोकरी काढलेल्या बाई तुम्ही, मायन्यातली चूक तुम्हाला खपायची नाही. पण सुरुवातच इतकी जड केली की पुढचं खरं लिहिता येत नाही. म्हणून नुसतं ‘प्रिय’. एवढं चालवून घ्या.

आज माझी सुट्टी आहे. निखिल कामावर गेलाय, रेवा शाळेत. हॉस्पिटलमध्ये सलग चार शिफ्ट करून आलेय, मशीनमध्ये ओले कपडे पडलेत, तरी सकाळपासून टेबलाशी बसलेय. अकरा वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ते आता द्यायचंय. इतकी वर्षं का थांबलीस, असं विचारू नका. त्याचंही उत्तर यातच येईल.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. फोन आल्याबरोबर निखिल मिळेल त्या विमानाने निघाला. रेवाला मी शाळेतून आणताना गाडीत सांगितलं. ती मग म्हणाली, “ओके. इज बाबा ओके?” आणि आमच्या गल्लीत वळता वळता, “मम, आय डोन्ट फील दॅट सॅड. शी नेव्हर रिअली लाइक्ड मी.”

तेव्हाच मी गाडी थांबवून खरं सांगायला हवं होतं ना? मी गॅरेजच्या रोलर डोअरचं बटण दाबलं आणि गाडी आत घेतली.

रेवाचा हा समज काही हवेतून आलेला नाही. तिच्याकडे पुरावे आहेत, तिच्याच शब्दांत सांगते. आजी मी जन्मले तेव्हा आली आणि परत कधीच आली नाही. आम्ही सांगलीला गेलो तेव्हा आजी मला जवळ घ्यायची नाही, आधी मम्माकडे बघायची. केळं द्यायचं तरी “देऊ का गं हिला?” असं विचारायची. माझ्या वर्गातल्या चैतन्यच्या आजीने तर इथे आमच्या स्कोफिल्ड्समध्ये घरच घेतलंय. माझी आजी फोनवर “अभ्यास करतेस ना?” एवढंच विचारते. आता अकरा वर्षांच्या मुलीने याचा दुसरा काय अर्थ लावावा?

“देऊ का गं हिला?” हे तुम्ही का विचारत होतात, ते फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. आणि तुम्ही ते कोणाला सांगितलं नाहीत.

मीही नाही. पण तुमचं न सांगणं आणि माझं न सांगणं एकच नव्हतं, हे मला आता कळतंय.

तुम्ही आलात तेव्हा तुमच्या केबिन बॅगेत सहाण होती. मुंबईच्या सिक्युरिटीवाल्याने “मॅडम, पत्थर?” म्हणून तीनदा विचारलं, हे तुम्ही हसत हसत सांगितलं होतं. इथे ऑस्ट्रेलियाच्या एअरपोर्टवर तुम्ही फॉर्मवर प्रामाणिकपणे सगळं लिहिलंत आणि त्यांनी वेखंड, मायफळ, मुरुडशेंग, सगळी गुटी काढून घेतली. दगड तेवढा परत दिला. तुम्ही आलात ती नुसती सहाण घेऊन. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, परस्पर मिटलं.

मिटलं कसलं? तुम्ही इंडियन दुकानातून जायफळ आणलंत.

त्या दुपारी मी अंघोळ करून बाहेर आले तर तुम्ही ओट्याशी उभ्या, समोर सहाण, तिच्यावर चार थेंब दूध, हातात जायफळ. रेवा सहा आठवड्यांची. दोन रात्री ती झोपली नव्हती आणि मीही. तुम्ही म्हणालात, “अर्धाच वेढा देतेय गं, पूर्णही नाही.”

आई, तुम्हाला ठाऊक होतं मी काय काम करते. कमी वजनाची, नळ्या लावलेली बाळं मी रोज बघते. तिथे औषध थेंबाच्या अंशाने मोजतात, दोन नर्स सही करतात. आणि इथे ‘अर्धा वेढा’. वेढा म्हणजे किती? कोणाच्या हाताचा? किती जोराचा? तान्ह्या बाळाला जायफळ द्यायला माझी आजही ना आहे, तुम्ही आता समोर येऊन बसलात तरी. त्या बाबतीत मी माघार घेणार नाही.

पण ते मी तुम्हाला शांतपणे सांगू शकले असते. मी काय केलं? तुमच्या हाताखालून सहाण उचलली, दूध ओट्यावर सांडलं, आणि मागच्या दाराने जाऊन ती बार्बेक्यूशेजारी आपटली. मग तुमच्यासमोरच निखिलला फोन लावला आणि इंग्रजीत म्हणाले, “आय कान्ट लीव्ह हर अलोन विथ युअर मदर. इट्स नॉट सेफ.”

इंग्रजीत, म्हणजे तुम्हाला कळू नये म्हणून. लोकांचे इंग्रजी फॉर्म भरून देण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्यासमोर. तुम्ही घरात मराठीच बोलायचात, एवढ्यावरून मी तुम्हाला अडाणी ठरवून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे चहा ठेवून तुम्ही विचारलंत, “मेधा, ‘नॉट सेफ’ कोण गं? मी की दगड?”

आवाज चढवला नव्हता. पोस्टाच्या काउंटरवर ‘रजिस्टर की साधं?’ विचारावं तसं विचारलंत. मी रेवाला घेऊन आत गेले.

तीन आठवड्यांनी तुम्ही तिकीट बदलून परत गेलात. व्हिसा सहा महिन्यांचा होता.

त्यानंतर आपण एकमेकींशी किती छान वागलो ना? दर रविवारी फोन. हवा, तब्येत, साड्या, निखिलचं वजन. कधी वाकडा शब्द नाही. ‘तेच ते उगाळायचं नाही’ म्हणतात, तसं आपण ते कधी उगाळलं नाही. नातेवाइकांत आपल्या सासू-सुनेच्या जोडीचं कौतुक व्हायचं. मी ते ऐकून मान हलवायची.

आता जपानचं सांगते, कारण हे पत्र तिथूनच निघालंय.

रेवा शाळेत जपानी शिकते. इथल्या बऱ्याच शाळांत असतं. मराठी म्हटलं की हिच्या पोटात दुखतं, जपानी मात्र फाडफाड. तिच्या सेन्सेई, म्हणजे बाई, जपानच्या ईशान्य किनाऱ्याकडच्या. त्यांनी वर्गात ओगात्सू नावाच्या गावाबद्दल सांगितलं होतं. काळ्या पाटीच्या दगडाचं गाव. तिथे पिढ्यानपिढ्या शाई उगाळायचे दगड घडवतात. २०११च्या त्सुनामीत ते गाव वाहून गेलं आणि लोकांनी ते पुन्हा उभं केलं. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही टोकियोला जाणारच होतो, रेवाने हट्टच धरला की तिथेही जायचं. मला खरं तर चेरीची झाडं बघून, बुलेट ट्रेनमध्ये बसून परत यायचं होतं.

भाड्याच्या गाडीने गेलो. डोंगरातून वळणं घेत रस्ता खाली उतरतो आणि समोर समुद्र दिसेल असं वाटतं, तर दिसते पांढरी भिंत. उंचच उंच. गाव भिंतीच्या आत नाही, वर डोंगरावर आहे, नवीकोरी घरं, एकसारखी छपरं. क्षणभर मला स्कोफिल्ड्सच वाटलं. तीच नवी कोरी शांतता, तीच अजून उंची न धरलेली झाडं. फक्त आमच्याकडे नवीन घरं बांधली की लोक पार्टी करतात. तिथे प्रत्येक नव्या घरामागे एक न राहिलेलं घर होतं.

पायथ्याशी दगडाच्या कामाची जागा आहे. तिथे सत्तरीचे एक आजोबा भेटले. त्यांची छिन्नी हातभर लांब. तिचा दांडा ते खांद्याला टेकवतात आणि अंगाचा सगळा भार देऊन दगड कोरतात. ठोकत नाहीत, रेटतात. कॉलर बाजूला करून त्यांनी रेवाला खांद्यावरचा घट्टा दाखवला. तिने हात लावून बघितला. निखिल म्हणाला, “फोटो नको काढूस, बरं दिसत नाही.”

मग त्यांनी तयार दगड आमच्यापुढे ठेवला, आई. काळी, गुळगुळीत, हाताएवढी. सहाणच.

फक्त एका टोकाला खोलगट. आजोबा बोलत होते, रेवा सांगत होती. “मम, धिस फ्लॅट बिट इज कॉल्ड ‘ओका’, लाइक, जमीन. अँड धिस डीप बिट इज ‘उमी’. समुद्र. जमिनीवर पाणी टाकायचं, शाई घासायची, अँड देन इट गोज इनटू द सी.”

“घासायची नाही, उगाळायची,” मी म्हणाले.

“व्हॉटेवर.”

मला राहवेना. मी म्हटलं, “त्यांना विचार, एवढं सगळं झाल्यावरही याला समुद्रच म्हणता?”

“मम! दॅट्स सो रूड.”

“विचार तर.”

तिने मान खाली घालून विचारलं. आजोबा छिन्नी खाली ठेवून हसले. मग बराच वेळ बोलले, आणि रेवाने थांबत थांबत, अडेल तिथे निखिलच्या फोनवर शब्द बघत, आम्हाला सांगितलं. लाटेनंतर चिखलातून त्यांनी दगड आणि हत्यारं वेचून काढली होती. कामाला परत बसले तेव्हा कोणाच्याही तोंडून ‘उमी’ येईना. मग काय म्हणायचे? ‘तिकडचं’, ‘खोल आहे ते’. शिकाऊ माणसाला सांगायचं, ‘तिकडचं जरा जास्त खोल कर.’ तो विचारणार, तिकडचं म्हणजे कुठलं? चांगले चांगले दगड बिघडले. शेवटी एक दिवस त्यांच्या बायकोनेच वैतागून म्हटलं, ‘उमी म्हणा हो सरळ.’ त्यांनी म्हटलं. त्या दिवशी सगळे जरा रडले आणि दुसऱ्या दिवसापासून काम नीट व्हायला लागलं.

“ही सेज, समुद्राला दुसरं काय म्हणणार?” रेवा म्हणाली.

मी तिथेच स्टुलावर बसले. आपणही अकरा वर्षं ‘तिकडचं’, ‘खोल आहे ते’ करत होतो ना, आई? आणि त्यात बिघडलं कोण? आपण दोघींनी निभावून नेलं. बिघडलं ते रेवाचं.

आजोबांनी आधी तिला उगाळायला दिलं. ती जोर लावून खराखरा घासायला लागली. ते “युक्कुरी, युक्कुरी” म्हणत होते, म्हणजे सावकाश. मग माझी पाळी. मी शाईची कांडी धरली, चार थेंब पाणी घेतलं, आणि हात आपोआप गोल फिरायला लागला. दाब न देता, एकाच दिशेने, कडेला न जाता. आजोबा रेवाला काहीतरी म्हणाले.

“ही सेज, यू’व्ह डन धिस बिफोर. हॅव यू?”

“नाही,” मी म्हणाले. “मी तुझ्या आजीला करताना बघितलंय.”

“विच आजी?”

“सांगलीची.”

“ओह. द वन हू डिडन्ट लाइक मी.”

असं ती अगदी सहज म्हणाली, आई. जसं ‘लाल गाडीवाले काका’. निखिलने चमकून माझ्याकडे बघितलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशीचा फोन त्याच्या लक्षात होता, पण ‘दोघीही दमल्या होत्या’ एवढाच त्याचा निकाल होता.

भिंतीवर चढायला पायऱ्या आहेत. वर गेल्यावर समुद्र दिसतो, अगदी शांत, शिंपल्यांची, कालवांची शेती करायच्या तराफ्यांच्या रांगाच रांगा. तिथे बसून मी दोघांना सगळं सांगितलं. जायफळ, बार्बेक्यू, फोन, तुमचा प्रश्न. मी उत्तर न देता आत गेले, तेही. मराठीतच सांगितलं. रेवाला कळत नाही असं मी धरून चालते, तेही चुकीचंच निघालं. तिला सगळं कळत होतं. समोरच्याला कळत नाही असं समजायची ही खोड माझी जुनीच, नाही का?

“सो शी वॉन्टेड टु कम बॅक?”

“हो.”

“अँड केळं... शी वॉज आस्किंग यू बिकॉज शी वॉज स्केअर्ड ऑफ यू?”

“हो.”

“डिड यू से सॉरी?”

“नाही.”

“मम, यू मेक मी से सॉरी इन, लाइक, फाइव्ह मिनिट्स.”

निखिल उठून भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेला. त्याची पाठ हलत होती. तुम्ही गेल्यावर तो माझ्यासमोर पहिल्यांदा रडला आणि तेही लांब जाऊन. मला जवळ जायचा धीर झाला नाही. रेवा गेली. ती त्याच्या कमरेला हात घालून उभी राहिली, आणि मग, आई, ती रडली. तुमच्यासाठी. इतक्या महिन्यांनी, एका परक्या गावाच्या भिंतीवर. माझा राग आला होता तिला, दोन दिवस धड बोलली नाही. पण मला आतून इतकं हलकं वाटत होतं की तिच्या फुरंगटण्याचंही बरं वाटलं.

निखिल परत येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, “आई मला एकदाही काही बोलली नाही गं.” मग थोड्या वेळाने, “चल, भूक लागलीय.” तुमचा मुलगा. त्याची माफी कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ‘नॉट सेफ’ कोण? तुम्ही नाही, दगडही नाही. मी होते. पहिलटकरीण, दोन रात्रींची जागी, हॉस्पिटलमधलं प्रत्येक बाळ स्वतःच्या घरी बघणारी. मला भीती वाटत होती आणि भीती वाटते हे तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. इतकं साधं होतं. ‘आई, मला भीती वाटते, नको ना’ म्हटलं असतं तर तुम्ही जायफळ उचलून ठेवलं असतंत. मला जवळ घेऊन बसला असतात. हो ना?

आणि थोडं तुमचंही चुकलं. रागावू नका. तुम्ही तो प्रश्न दुसऱ्यांदा का नाही विचारलात? पोस्टात कोणी चुकीचा फॉर्म भरला तर परत परत पाठवायचात ना? मलाच एवढी सूट का?

परत आल्यावर पहिल्या शनिवारी रेवा मागच्या अंगणात गेली. बार्बेक्यूचं कव्हर उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवलेली सहाण तिने आणली आणि सिंकमध्ये घासून घासून धुतली. मी तिला चंदनाचं खोड दिलं. आता तुमच्या फोटोला गंध ती लावते, कपाळाच्या जरा डावीकडे लागतं. मी ते तसंच राहू देते.

मागच्या रविवारी तिने सुमनमावशींना फोन लावायला सांगितला. तुमच्या बहिणीशी ही काय बोलणार, म्हणून मी स्पीकरवर ठेवला. रेवाने आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, “आजी ऑस्ट्रेलियाला परत का नाही आली?”

मावशी म्हणाल्या, “अगं, तिचे पाय सुजायचे विमानात. मागच्या वेळी एवढाले झाले होते म्हणे. नाहीतर नातीला सोडून राहिली असती का ती? सगळ्यांना सांगायची, माझी सून लाखात एक आहे, पण हे पाय मेले वैरी झालेत.”

रेवाने माझ्याकडे बघितलं. मी फोन ठेवला. मग ती म्हणाली, “शी लाइड फॉर यू.”

अकरा वर्षं, आई? लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, दर वेळी कोणी विचारलं की? शेजारच्या बायकांनी पायाला कसली कसली तेलं आणून दिली असतील, ती तुम्ही लावलीतही असतील. माझं नाव राहावं म्हणून. मी इथे बसून समजत होते की तुम्ही माझ्यावर रागावलायत. मला हे कधी सुचलंच नाही, की रागावलेलं माणूसही कोणाला तरी झाकून घेऊ शकतं.

मी खूप रडले. मग उठून तिकिटं बघितली.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघं सांगलीला येतोय. रेवाने स्वतः ठरवलंय की तुमच्या खोलीत तीच झोपणार, आणि मावशींकडून तुमचे लहानपणचे किस्से ऐकणार. मराठीत. कळलं नाही तर परत विचारणार, असं मला बजावलंय. तुमच्यासारखीच आहे, हिशेबाला पक्की.

आणि माझं वचन हे. ज्या दिवशी मावशी, वहिनी, शेजारच्या सगळ्या जणी भेटायला जमतील आणि कोणीतरी तुमच्या पायांचा विषय काढेल, तेव्हा मी चहा आणायच्या निमित्ताने आत जाणार नाही. रेवाला शेजारी बसवून, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन: आईंचे पाय कधीच सुजले नव्हते. त्या माझ्यामुळे आल्या नाहीत.

तुमची,
मेधा